बॅक्टेरिया वाढताना स्वतःचीच सेल वॉल कापतात, हे नक्की काय प्रकरण आहे? (टीवाय मायक्रो)

साखरतर_टीवाय

नमस्कार, टीवाय मायक्रोला, म्हणजे बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रत्नागिरीत. गणपतीच्या सुट्टीआधी आम्ही बॅसिलस सबटिलिस या काडीसारख्या बॅक्टेरियाचा ब्रॉथ (पातळ खाद्यात वाढवलेलं कल्चर) लावला होता, तो तसाच बेंचवर राहिला, आणि गौरी-गणपती करून सगळे परत आल्यावर त्याचाच ग्रॅम स्टेन (जाड भिंतीचे म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू जांभळे आणि ग्रॅम निगेटिव्ह गुलाबी दाखवणारी टेस्ट) केला तर अर्ध्या काड्या जांभळ्या आणि अर्ध्या चक्क गुलाबी. ब्रॉथ पण आधी जसा मस्त गढूळ होता तसा राहिला नव्हता. मॅडम म्हणाल्या ओल्ड कल्चर आहे, ऑटोलायसिस झालंय, म्हणजे पेशी स्वतःच विरघळल्यात, फ्रेश घ्या. घेतलं, जांभळं आलं, जर्नल पूर्ण.

पण मी आपली उत्सुकतेपोटी ऑटोलायसिन, म्हणजे ते घडवणारी एन्झाइम्स, वाचायला बसले आणि डोकं फिरलं. मला वाटलं होतं की पेशी मरायला टेकली की ही एन्झाइम्स बाहेर पडत असतील, कुजण्याचाच एक भाग. तर तिथे लिहिलंय की धडधाकट, भरभर वाढणाऱ्या पेशीतसुद्धा ती सतत काम करत असतात आणि ती काढून टाकली तर पेशी वाढतच नाही. म्हणजे जी भिंत फुटली तर पेशी मरते तीच भिंत पेशी रोज उठून स्वतः कापते? हे कसं चालतं?

आणि दुसरं म्हणजे पेनिसिलिन. पुस्तकात आहे की पेनिसिलिन क्रॉसलिंकिंग, म्हणजे भिंतीतले जोड बांधणं, थांबवतं आणि मग पेशी फुटते. पण नवीन भिंत बांधणं थांबलं तर जुनी आहे ना जागेवर? ती का फुटते? व्हायव्हात हा प्रश्न आला तर मी काय सांगू, कारण मला स्वतःलाच पटत नाहीये.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर

पटत नाहीये म्हणालीस तेच बरं झालं, बाकीचे पाठ करून मोकळे होतात.

ऑटोलायसिनवाले येतील उत्तर द्यायला, मी आधी स्लाइडबद्दल बोलतो. गुलाबी दिसलं की लगेच ऑटोलायसिस म्हणू नये. त्याच स्लाइडवर एका बाजूला ताज्या स्टॅफचा (हा जांभळा यायला हवा) आणि दुसऱ्या बाजूला ई. कोलायचा (हा गुलाबी) स्मिअर घेतला होता का? अल्कोहोल पाच-दहा सेकंद जास्त राहिलं तरी चांगल्या जांभळ्या पेशी गुलाबी होतात, आणि स्मिअर जाड असेल तर एकाच स्लाइडवर दोन्ही रंग मिळतात. कंट्रोल बरोबर रंगले असतील तरच पुढची चर्चा.

आणि बॅसिलस इतके दिवस ठेवलास तर त्यात स्पोअर (तग धरून झोपून राहणारं रूप) झालेले असणार. ते साध्या ग्रॅम स्टेनमध्ये रंगच घेत नाहीत, काडीच्या मध्ये पांढरी रिकामी जागा दिसते. त्याही बघून ठेव, एक्स्टर्नल परीक्षक हमखास विचारतात.

---

साखरतर_टीवाय

हो सर, दोन्ही कंट्रोल होते आणि बरोबर आले होते. रिकाम्या जागा पण दिसल्या होत्या, मला वाटलं स्टेन नीट बसला नाही.

---

दाभोळखाडी

मग तुझी स्लाइड बरोबर आहे. 1990 मध्ये बेव्हरिज नावाच्या माणसाने नेमकं हेच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं होतं. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियममध्ये कल्चर जसजसं जुनं होतं तसतशी पेप्टिडोग्लायकनची, म्हणजे भिंतीच्या मुख्य मालाची, जाडी कमी होत जाते आणि त्याच वेळी गुलाबी पेशींची संख्या वाढत जाते. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीनचं जे कॉम्प्लेक्स बनतं ते जाड भिंतीत अडकून राहतं, भिंत विरळ झाली की अल्कोहोलबरोबर वाहून जातं. ब्रॉथ पातळ झाला तोही त्याचाच भाग, काही पेशी पूर्णच फुटल्या.

आता मुख्य प्रश्न. मी काही वर्षं सेल वॉलवरच काम केलंय त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी ही भिंत डोळ्यासमोर आण. नॅग आणि नॅम या दोन शर्करा एकाआड एक जोडून लांब साखळ्या झालेल्या, प्रत्येक नॅमला एक छोटं पेप्टाइड लोंबतंय, आणि ते शेजारच्या साखळीच्या पेप्टाइडला जोडलेलं. असं करत करत पेशीभोवती सगळीकडून बंद असं एक सलग कव्हर. वायडेल आणि पेल्झर यांनी 1964 मध्ये मांडलं की हे सगळं मिळून पिशवीच्या आकाराचा एकच महाकाय रेणू आहे. ई. कोलायमध्ये हे कव्हर बहुतेक ठिकाणी एका थराचं, बॅसिलसमध्ये बरेच थर एकावर एक, वीस-तीस नॅनोमीटर किंवा जास्तच. आणि आतून दाब. बॅसिलससारख्या ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये तो 10 ते 20 ॲटमॉस्फिअर धरतात. म्हणजे ही भिंत सैल लटकलेली नसते, सगळीकडून ताणून टाइट असते.

आता विचार कर, सगळीकडून बंद आणि ताणलेलं कव्हर, त्याला टोक नाही, कड नाही, उघडी बाजू नाही. पेशीला दुप्पट लांब व्हायचंय. नवीन साखळी घालणार कुठे? आपल्याकडे मासेमारीचं जाळं मध्येच वाढवायचं असेल तर काही आस, म्हणजे जाळ्यातले चौकोन, कापल्याशिवाय नवीन तुकडा बसतच नाही, तसंच हे. कुठला तरी जुना जोड तुटल्याशिवाय नव्या मालाला जागाच नाही. म्हणून वाढणाऱ्या पेशीला कापणारी एन्झाइम्स लागतात. वाढ म्हणजे बांधणं आणि कापणं दोन्ही, एकट्या बांधण्याने फार तर भिंत जाड होईल, लांब होणार नाही.

नावं खूप आहेत, पण भिंतीतला कुठला बंध तुटतो त्यावरून विचार केला की पाठ करावं लागत नाही. शर्करेची साखळी कापणारे म्हणजे मुरामिडेझ आणि ग्लुकोसामिनिडेझ, त्यातच लायटिक ट्रान्सग्लायकोसिलेझ नावाचे आहेत जे नॅमनंतरचा मुरामिडेझवालाच बंध कापतात पण पाणी न वापरता, मग नॅमवर एक विशिष्ट अनहायड्रो टोक तयार होतं. शर्करा आणि पेप्टाइडमधला सांधा कापणारे अमिडेझ. आणि पेप्टाइड-पेप्टाइडमधला पूल कापणारे एंडोपेप्टिडेझ. लांबीत वाढण्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे हे शेवटचे, कारण दोन शेजारच्या साखळ्यांना एकमेकींपासून लांब होऊ न देणारा पूल तेच तोडतात.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा आपल्याच देशातला आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेमध्ये मंजुला रेड्डी यांच्या लॅबने 2012 मध्ये दाखवलं की ई. कोलायमध्ये मेपएस, मेपएम आणि मेपएच अशी तीन एंडोपेप्टिडेझ आहेत, एक काढलं तर दुसरी भागवून नेतात, पण तिन्ही काढली तर नवीन माल भिंतीत बसत नाही आणि पेशी जगत नाही. तोपर्यंत इतक्या लोकांनी एक-एक जीन काढून बघितली होती आणि पेशी मजेत वाढत होती, म्हणून बऱ्याच जणांना ही एन्झाइम्स वाढीला लागतात हेच शंकास्पद वाटायचं. रेड्डी मॅडमना 2019 चं इन्फोसिस प्राइझ याच कामासाठी मिळालं. व्हायव्हात हे नाव घे, एक्स्टर्नल खूश होतील.

तुझ्या बॅसिलसमध्ये हेच काम लायटीई आणि सीडब्ल्यूएलओ ही दोन करतात. एक नसलं तरी चालतं, दोन्ही नसतील तर नाही.

---

चिपळूणची_लॅबवाली

मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियन), इतकं खोलात माहीत नाही पण आमच्या बेंचवर ऑटोलायसिन रोज भेटतं म्हणून लिहिते. न्यूमोकॉकस, न्यूमोनिया करणारा जंतू. ब्लड आगरवर कॉलनी आधी छान फुगीर असते आणि दुसऱ्या दिवशी मधोमध खड्डा पडतो, कॅरमच्या सोंगटीसारखी म्हणायला शिकवतात आम्हाला. तो खड्डा म्हणजे मधल्या जुन्या पेशी स्वतःच विरघळलेल्या. आणि बाइल सोल्युबिलिटी टेस्ट पण तीच गोष्ट, डीऑक्सिकोलेट हे बाइल सॉल्ट टाकलं की गढूळ सस्पेन्शन डोळ्यादेखत पाण्यासारखं होतं. आम्ही आधी समजायचो बाइल सॉल्ट भिंत विरघळवतं. तसं नाहीये, ते फक्त आतलं लायटीए नावाचं अमिडेझ सुरू करून देतं आणि बाकीचं काम बॅक्टेरिया स्वतः करतो. म्हणून व्हिरिडन्स या त्याच्यासारख्या दिसणाऱ्या जंतूंमध्ये टेस्ट निगेटिव्ह येते, बाइल तेच, पण यांच्याकडे तसं लायटीए नाही.

आणि म्हणूनच न्यूमोकॉकसची प्लेट आज बघते उद्या बघते करून ठेवून चालत नाही. सबकल्चर वेळेत नाही केलं की गेलं. पावसाळ्यात लाइट गेली आणि इन्क्युबेटरचं वेळापत्रक बिघडलं की सगळ्यात आधी हाच मरतो.

माझा एक प्रश्न @दाभोळखाडी, लायटीए पण वाढीसाठीच असतं का? कारण असं स्वतःला मारणारं काही तो बाळगेल कशाला?

---

दाभोळखाडी

नाही, आणि इथेच पुस्तकं घोळ घालतात, सगळ्या ऑटोलायसिनना एका माळेत ओवतात. लायटीए काढलेला न्यूमोकॉकस मस्त वाढतो, फक्त बाइलमध्ये विरघळत नाही आणि पेनिसिलिनने फुटत नाही. म्हणजे ते वाढीसाठी अनिवार्य नाही. एका प्रकारची एन्झाइम्स लांबी वाढवायला, दुसरी दोन पिल्लं वेगळी करायला, तिसरी अशी सुटी कामं करणारी. बाळगतो कशाला याचं एक कारण म्हणजे पेशी फुटली की आतलं न्यूमोलायसिन नावाचं विष बाहेर पडतं, ते रोग पसरवायला उपयोगी. दुसरं म्हणजे काही न्यूमोकॉकस शेजारच्या भाऊबंदांना फोडतात आणि त्यांचा डीएनए उचलतात, त्यात लायटीएसारखी एन्झाइम्स वापरली जातात. एका पेशीचं नुकसान, बाकीच्यांचा फायदा.

दोन पिल्लं वेगळी करणारी म्हटलं ती ई. कोलायमध्ये अमिए, अमिबी, अमिसी ही अमिडेझ. पेशी विभागली तरी मध्ये भिंतीचा सामायिक पडदा असतो, तो कापला नाही तर दोन्ही पेशी जोडलेल्याच राहतात. तिन्ही अमिडेझ नसलेला ई. कोलाय मायक्रोस्कोपखाली लांबच लांब साखळी दिसतो, मरत नाही, वेगळा होत नाही. एखादं काढून टाकल्यावर मरतं, लांब होत नाही, की साखळी बनते, एवढं बघितलं तरी त्या एन्झाइमचं काम बरंचसं कळतं.

---

सुंगटवालो

माका ह्यातला अर्धा कळला नाय, पण वाचूक मजा येता. माझो मालवणाकडे कोळंबीचो तलाव आसा, व्हिब्रिओ ह्या जंतूच्या नावान माझी झोप उडता. म्हणान एक इचारतंय, जर ह्या जंतूंच्या अंगातच तेंका मारणारा एन्झाइम आसा, तर तां सुरू करणारा औषध तलावात घातला काय काम झाला ना? कित्याक कोण बनवणत नाय?

---

दाभोळखाडी

काका, तसं औषध केव्हाच बनलंय, त्याचं नाव पेनिसिलिन. आणि @साखरतर_टीवाय चा दुसरा प्रश्न पण हाच होता, तेव्हा दोघांना एकत्र सांगतो.

पेनिसिलिन जोडणी करणाऱ्या एन्झाइमला, म्हणजे पीबीपीला, चिकटून बसतं. नवे पूल बांधले जात नाहीत. पण कापणारी एन्झाइम्स पेनिसिलिनला भीक घालत नाहीत, ती आपली जुने पूल तोडतच राहतात. वाढणाऱ्या पेशीत दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात, त्यातलं एकच थांबवलं तर आतल्या दाबाने भिंत फाटणारच. म्हणजे जुनी भिंत जागेवर राहत नाही ना, तीच तर कापली जातेय. म्हणूनच पेनिसिलिन वाढणाऱ्या पेशीलाच मारतं, झोपलेल्या पेशीला मारत नाही, हे 1942 मध्येच हॉबी आणि सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं, तेव्हा भिंतीबद्दल कोणाला धड माहीतही नव्हतं.

पुरावा हवा असेल तर दोन. 1956 मध्ये लेडरबर्गने ई. कोलायला पेनिसिलिन दिलं, पण मीडियममध्ये भरपूर सुक्रोज घातलं. आतबाहेरचा दाब जुळला, पेशी गोल गोल झाल्या पण फुटल्या नाहीत, आणि पेनिसिलिन काढून घेतल्यावर परत काडीसारख्या झाल्या. म्हणजे पेनिसिलिन स्वतः विष नाही, ते भिंत बिघडवतं आणि मारण्याचं काम दाब करतो. दुसरं 1970 चं, तोमाश आणि मंडळींनी न्यूमोकॉकसमध्ये ऑटोलायसिन दाबून टाकलं तर पेनिसिलिन दिल्यावर वाढ थांबली, पण पेशी फुटल्या नाहीत. औषध तेच, चिकटण्याची जागा तीच, कापणारा तेवढा गप्प. याला टॉलरन्स म्हणतात, रेझिस्टन्स वेगळा. रेझिस्टंट जंतू औषधातसुद्धा वाढतो, टॉलरंट वाढत नाही पण मरतही नाही, औषध संपायची वाट बघत बसतो. परीक्षेत हा फरक दोन मार्कांना येतो आणि निम्मा वर्ग चुकतो.

2014 मध्ये बर्नहार्टच्या लॅबने यात आणखी भर घातली. त्यांनी ई. कोलायमध्ये दाखवलं की अशा औषधाखाली पेशी नुसती बांधायची थांबत नाही, ती न जोडलेल्या साखळ्या बनवत राहते आणि त्या लगेच तोडत राहते. बनव, तोड, बनव, तोड, कच्चा माल आणि ऊर्जा दोन्ही वाया. म्हणजे नुसतं भिंत फाटणं एवढीच गोष्ट नाही, शिवाय दिवाळं निघतं.

आता काका, तुमचा व्हिब्रिओ. पेनिसिलिनवर्गातलं औषध कॉलऱ्याच्या व्हिब्रिओला दिलं तर तो बरेचदा भिंत सोडून देतो, गोळा होऊन बसतो, आणि औषध गेलं की परत भिंत बांधून वाढायला लागतो. त्याच्यातही वाढीसाठी अशीच एंडोपेप्टिडेझ लागतात, पण सगळी भिंत गेली तरी बाहेरचं मेम्ब्रेन त्याला धरून ठेवतं. म्हणून अँटिबायोटिक तलावात ओतून व्हिब्रिओ आटोक्यात येईल अशी आशा ठेवू नका. वर तुमच्या पाण्यातले बाकीचे सगळे जंतू रेझिस्टंट होतील आणि माल एक्स्पोर्टला टेस्टिंगमध्ये अडकेल ते वेगळंच.

बाहेरून एन्झाइम ओतायचं म्हणाल तर ग्रॅम निगेटिव्हमध्ये तेच बाहेरचं मेम्ब्रेन आडवं येतं, एन्झाइम भिंतीपर्यंत पोचतच नाही.

---

सुंगटवालो

हां, माझ्या शेजाऱ्यान ओतल्यानी, तेची कोळंबी तरी खय वाचली. कळला.

---

साखरतर_टीवाय

बापरे, हे वाचून पहिल्यांदा पेनिसिलिन समजलं असं वाटलं. पण मग अजून एक. कापणारी एन्झाइम्स इतकी धोक्याची, तर पेशी त्यांना आवरते कशी? नेमकं पाहिजे तेवढंच, पाहिजे तिथेच कसं कापलं जातं? आणि गणपतीनंतरच्या माझ्या ब्रॉथमध्ये ते आवरणं का सुटलं?

---

दाभोळखाडी

एकच एक कुलूप नाही, बरीच आहेत.

ई. कोलायमध्ये मेपएस सतत बनतं आणि सतत तोडलंही जातं. सीसीएमबीच्याच लॅबने पुढे 2015 मध्ये दाखवलं की एनएलपीआय आणि पीआरसी ही दोन प्रोटीन्स मिळून मेपएस खाऊन टाकतात, त्यामुळे ते साठत नाही. हे तोडणं बंद पडलं तर मेपएस वाढतं आणि पेशी विचित्र वागायला लागते.

पिल्लं वेगळी करणारी अमिडेझ एरवी स्वतःच बंद असतात, त्यांच्याच रेणूचा एक भाग ॲक्टिव्ह साइटवर आडवा पडलेला असतो. विभागणीच्या जागी एन्व्हसी नावाचं प्रोटीन येऊन ते आडवं आलेलं बाजूला करतं, आणि त्या एन्व्हसीला चालवतं एफटीएसईएक्स, जे मेम्ब्रेनच्या आतून एटीपी जाळतं. म्हणजे आतलं यंत्र तयार झाल्यावरच बाहेर कापायची परवानगी. बॅसिलसमध्ये तेच एफटीएसईएक्स सीडब्ल्यूएलओला सांभाळतं, एका ठिकाणी विभागणी तर दुसऱ्या ठिकाणी लांबी, पण युक्ती एकच.

तुझ्या ब्रॉथशी सगळ्यात जास्त संबंध असलेलं म्हणजे ऊर्जा. 1981 मध्ये बॅसिलस सबटिलिसवरच दाखवलं गेलं की मेम्ब्रेनवरचा प्रोटॉनचा दाब गेला की पेशी स्वतः फुटते. जिवंत, श्वास घेणारी पेशी सतत प्रोटॉन बाहेर ढकलत असते, त्यामुळे भिंतीच्या आतला भाग ॲसिडिक राहतो आणि त्या ॲसिडमध्ये ऑटोलायसिन मंद राहतात. खाणं संपलं, ऑक्सिजन संपला, प्रोटॉन ढकलणं थांबलं की भिंतीतला पीएच वर सरकतो आणि ती जोरात सुटतात. तू ब्रॉथ न हलवता बेंचवर ठेवलास, ग्लुकोज संपलं असेल, खाली ऑक्सिजन नसेल, आणि सप्टेंबरच्या त्या दमट उकाड्यात खोलीही गरम. शिवाय जिथे स्पोअर झाले तिथे मूळ पेशीला स्पोअर बाहेर सोडण्यासाठी मुद्दाम फुटावंच लागतं, त्यासाठी बॅसिलसकडे वेगळी ऑटोलायसिन आहेत. म्हणजे तुझ्या स्लाइडवर निदान दोन वेगळ्या गोष्टी एकत्र दिसत असणार, उपाशी मेलेल्या आणि स्पोअर करून ठरवून फुटलेल्या. नुसत्या ग्रॅम स्टेनवरून त्या वेगळ्या सांगता येणार नाहीत.

आणि कापलेला माल फेकूनही देत नाहीत सगळा. ई. कोलाय एका पिढीत भिंतीचा जवळजवळ 40 ते 50 टक्के भाग तोडतो आणि त्यातला बहुतेक एएमपीजी नावाच्या दारातून परत आत घेऊन वापरतो. आत आलेल्या या तुकड्यांवरून काही जंतू, उदाहरणार्थ एंटेरोबॅक्टर, ओळखतात की भिंतीवर हल्ला होतोय आणि बीटा-लॅक्टमेझ, म्हणजे पेनिसिलिनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम, बनवायला लागतात. @चिपळूणची_लॅबवाली, तुमच्याकडे एंटेरोबॅक्टरमध्ये एएमपीसी (असंच एक बीटा-लॅक्टमेझ) इंड्यूसिबल म्हणून रिपोर्ट जातो ना, त्याच्या मागे हीच वाट आहे.

---

चिपळूणची_लॅबवाली

हो हो, अँटिबायोटिकच्या डिस्क एकमेकांजवळ ठेवल्या की जंतू न वाढलेला झोन चपटा दिसतो ती! इतकी वर्षं लावतेय, कारण आज कळलं.

---

भाट्ये_किनारा

एक खटकलं म्हणून लिहितो. @दाभोळखाडी तुमचं जाळ्याचं उदाहरण समजायला चांगलं आहे पण त्यातून असं वाटेल की आधी कापायचं आणि मग तुकडा घालायचा. ताणलेल्या भिंतीत आधी कापलं तर तिथेच फाटेल. म्हणून आर्थर कॉखने जे मांडलं ते उलट आहे, आधी नवीन साखळी खालून बांधून घ्यायची, तिचे जोड पक्के करायचे, आणि मग वरचा जुना पूल तोडायचा, म्हणजे ताण आपोआप नव्या साखळीवर येतो. होल्टेने तर त्याच्याही पुढे जाऊन तीन नव्या साखळ्या एका जुन्या साखळीखाली बांधायच्या आणि जुनी काढून टाकायची असं मॉडेल दिलं. बॅसिलसमध्ये तर अजून सोपं, नवीन थर आतून बसतो, जुने थर हळूहळू बाहेर ढकलले जातात, ताणले जातात, आणि सगळ्यात बाहेरचे कापून टाकले जातात. म्हणजे त्याच्या बाबतीत कापणं बाहेर आणि बांधणं आत, दोन्हीमध्ये जाड भिंतीचं अंतर.

---

दाभोळखाडी

बरोबर, क्रम मी सांगायलाच हवा होता. फक्त होल्टेचं तीनाला एकवालं मॉडेल आहे, कोणी ते होताना बघितलेलं नाही, व्हायव्हात मॉडेल म्हणूनच सांग. आधी बांध मग काप हे मात्र बहुतेक लोक मानतात.

---

साखरतर_टीवाय

सगळ्यांचे आभार. शेवटचं, आमच्या साध्या लॅबमध्ये हे प्रत्यक्ष दाखवता येईल असं काही आहे का? सेमिनार लावायचा विचार आहे. सोडियम अझाइड टाकलं की बॅसिलस फुटतो असं कुठेतरी वाचलं.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर

अझाइडला हात लावू नकोस. ते विषारी आहे, आणि बेसिनमध्ये ओतलं तर तांब्या-शिशाच्या पाइपात साठून स्फोटक होतं. यूजीच्या (पदवीच्या) मुलांना ते द्यायचं नाही म्हणजे नाही.

त्याऐवजी साधं सोपं. बॅसिलसचा ब्रॉथ लाव आणि सहा तास, चोवीस तास, मग दोन दिवस, चार दिवस, असा रोज ग्रॅम स्टेन कर, प्रत्येक स्लाइडवर स्टॅफ आणि ई. कोलायचे ताजे कंट्रोल. कलरीमीटरवर रोज ओडी, म्हणजे गढूळपणाचं माप, घे. ओडी खाली यायला लागेल त्या सुमारास गुलाबी काड्या वाढताना दिसायला हव्यात. स्पोअरसाठी वेगळी स्लाइड, मॅलॅकाइट ग्रीन या रंगाने.

आणि कापणारं एन्झाइम डोळ्याने बघायचं असेल तर अंडं. अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम असतं, फ्लेमिंगने 1922 मध्ये ते जाहीर केलं तेव्हा पेनिसिलिन अजून सहा वर्षं लांब होतं. 1965 मध्ये फिलिप्सच्या गटाने याचीच रचना एक्स-रेने काढली, एन्झाइमची अशी काढलेली पहिलीच रचना. मायक्रोकॉकस ल्यूटियसचं गढूळ सस्पेन्शन न्यूट्रल बफरमध्ये घे, त्यात पातळ केलेलं अंड्याचं पांढरं टाक, दुसऱ्या ट्यूबमध्ये तेच पण उकळून गार केलेलं. मिनिटामिनिटाला ओडी. एक ट्यूब साफ होत जाईल, दुसरी नाही. तिसऱ्यात ई. कोलाय ठेव, ती गढूळच राहील, मग एका ट्यूबमध्ये ईडीटीए घालून बघ, बाहेरचं मेम्ब्रेन सैल झाल्यावर काय होतं ते.

फक्त सेमिनारमध्ये लायसोझाइमला ऑटोलायसिन म्हणू नकोस, तुकडे तेच पडतात पण हे बाहेरून आलेलं आहे, बॅक्टेरियाचं स्वतःचं नाही. एक्स्टर्नल तिथेच धरतील. आणि अंडं गावठी आण किंवा पोल्ट्रीचं, दोन्ही चालतं, शिळं नको.